शेवट न पाहिलेले सिनेमे

विद्यापीठाने मुरबाडात येऊन मला एकामागून एक चार सिनेमे दाखवले आणि त्यातल्या एकाचाही शेवट मला त्या दिवशी पाहता आला नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मला अजून राग येतो.

विद्यापीठ मुंबईचं. पण दिवाळीनंतरच्या दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्यांची माणसं इथल्या कॉलेजच्या सभागृहात येत. आधी तासाभराचं व्याख्यान, मग एखादा सिनेमा, मग चर्चा. फी नाही, वयाची अट नाही, परीक्षा तर मुळीच नाही. कॉलेजच्या फाटकावर कापडी फलक लागला होता, त्यावर 'सर्वांसाठी खुले' असं लिहिलं होतं. मी तो बसमधून वाचला आणि पुढच्या स्टॉपला उतरून चालत मागे आले. सर्वांमध्ये मी येते की नाही ते विचारायचं होतं. फाटकावरचा शिपाई म्हणाला, या की, खुर्च्या पुष्कळ आहेत.

मी शहापूरला एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, पोच द्यायची, पुढच्या टेबलावर ढकलायचे. लग्न झालं होतं, निभलं नाही, त्याची गोष्ट इथे नको. निवृत्त झाले आणि टोकावड्याच्या आत आमचं गाव आहे तिथे आयजवळ राहायला आले, कारण आय शहापूरला यायला तयार नव्हती. भावाचा शहापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. त्याने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. आय म्हणायची, बघू. हे 'बघू' मागची आठ वर्षं चाललं होतं आणि तिचे गुडघे दर वर्षी थोडे थोडे जात होते.

आमच्या घरात भाषण ऐकायला जाणं ही जबाबदारीची गोष्ट होती. माझ्या लहानपणी कुठे सभा असली, जयंतीचं व्याख्यान असलं, की सगळी वस्ती जाऊ शकत नसे. कामं असत, ढोरं असत. मग वस्ती एका माणसाला पाठवायची, आणि तो माणूस बहुतेक वेळा माझा बाप असायचा. तो मुरबाडला, कधी कल्याणलासुद्धा जायचा, पुढे जाऊन बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या ओट्यावर ते भाषण सगळ्यांना सांगायचा. पहिल्या शब्दापासून. वक्ता कुठे थांबला, कुठे पाणी प्यायला, कुठे त्याचा आवाज चढला, सगळं. त्याचा एक नियम होता. जो गेला त्याने पुरता ऐकून यायचं. अर्धं ऐकून आलेला माणूस गेलाच नव्हता, असं तो तोंडावर म्हणायचा. एकदा एकाने पाऊस आला म्हणून सभेतून लवकर निघून येऊन वरून सांगायला सुरुवात केली, तर बापाने त्याला ओट्यावरून उठवलं होतं.

बाप गेला. पण ऐकायची हौस आयमध्ये राहिली. मी मुरबाडच्या कार्यक्रमाचं सांगितलं तेव्हा ती वालाच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही, एवढंच म्हणाली, "जा मंग. आणि नीट बसून ये."

पहिल्या महिन्यात लेण्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्या नाणेघाटाबद्दल बोलल्या. हा घाट आमच्या घरातून दिसतो, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की तिथे दगडावर कोरलेल्या ओळी कुणी का कोरल्या असतील. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाबद्दलही त्या बोलल्या, की व्यापाऱ्यांचे बैल वर आले की त्यात जकात पडायची असं सांगतात. रविवारी सकाळी मी हे आयला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, तो रांजण होय, जुन्नरकडून मिरच्या घेऊन उतरताना आमी बाया त्याच्या सावलीला बसायचो. मग ती मला तासभर घाटाबद्दल सांगत होती. ते मला त्याआधी तिने कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ठरवलं की काही झालं तरी दुसरा शनिवार चुकवायचा नाही.

व्याख्यान पुरतं मिळालं. सिनेमा मिळाला नाही. आमच्या गावात आत येणारी एसटी दिवसात दोनदा येते, आणि संध्याकाळची गाडी मुरबाडहून पावणेसातला सुटते. ती मुक्कामी गाडी, रात्रभर आमच्या गावात उभी राहते आणि सकाळी परत जाते. ती चुकली तर माळशेजकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाड्या आहेत, पण त्या फाट्यावर सोडतात. फाट्यापासून गाव चार किलोमीटर आत, वाटेत जंगल, अंधारात कुणी इकोवाला गाडी आत घालत नाही. आणि घरी आय एकटी. तेव्हा साडेसहा वाजले की मी उठायचे. पडद्यावर काहीही चाललेलं असो, उठायचे.

आता तुम्ही म्हणाल, कार्यक्रम अडीचला, तासाचं व्याख्यान, दोन-सव्वादोन तासांचा सिनेमा, म्हणजे सहाच्या आत सगळं आटपतं. कागदावर आटपत होतंच. पण आपल्याकडे सत्कार असतो.

अडीचचा कार्यक्रम तीनला सुरू व्हायचा, कारण पाहुणे चहा घेत असायचे. मग दीपप्रज्वलन. समईची वात पंख्याच्या वाऱ्याने पेटायची नाही, मग पंखा बंद करायला माणूस धावायचा, मग सगळ्यांना घाम. मग स्वागतगीत. मग प्रास्ताविक, त्यात कॉलेजचा इतिहास. मग पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा परिचय. मग शाल आणि श्रीफळ. विद्यापीठाच्या बाईंचा सत्कार समजू शकते मी. पण त्यांच्याबरोबर आलेल्या ड्रायव्हरचा, मंडपवाल्याचा, ज्यांच्या मुलीला नोकरी लागली त्यांचा, ज्यांचा परवा वाढदिवस झाला त्यांचा, आणि शेवटी, सत्काराच्या शाली ज्यांनी दिल्या त्यांचाही सत्कार. शाल खांद्यावर टाकली की फोटोसाठी सगळे तसेच थांबायचे. फोटो नीट आला नाही तर शाल काढून पुन्हा टाकायची. मी घड्याळाकडे बघत बसायचे आणि माझं रक्त आटायचं.

म्हणून सिनेमा साडेचार-पावणेपाचला लागायचा. आणि मी शेवटच्या अर्ध्या तासाआधी बसस्टँडकडे धावत असायचे. मुक्कामी गाडीचा कंडक्टर मला ओळखायला लागला. तिकीट फाडताना विचारायचा, काय मावशी, म्हातारा मेला की वाचला? मी म्हणायचे, तुझ्या गाडीमुळे नाही कळलं. तो म्हणायचा, गाडी टायमात निघाली तरी शिव्या, नाय निघाली तरी शिव्या.

आता माझी चूक सांगते. रविवारी सकाळी आय ओट्यावर बसायची आणि मला सिनेमा सांगावा लागायचा. पहिला होता बर्फाच्या मुलखातल्या एका घड्याळजीचा, त्याची नजर जात चाललेली असते. मी सांगत सांगत साडेसहापर्यंत आले आणि थांबले. आयने विचारलं, मंग? तिच्या नजरेला नजर देऊन मला शेवट ठाऊक नाही असं म्हणवेना. बाप डोळ्यांपुढे आला. मी म्हणाले, मग त्याचा मुलगा आला, त्याला शहरात घेऊन गेला, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तो मुलाकडे सुखात राहिला. आय म्हणाली, बरा झाला.

दुसरा होता नदीकाठी जाळी दुरुस्त करणाऱ्या एका बाईचा. मी तिलाही लेकीकडे पाठवलं. तिसऱ्यातल्या शाळामास्तरालासुद्धा मी मुलाच्या घरी पोचवलं, तिथे त्याला बागेत मित्र मिळाले. मला वाटलं, काय बिघडतं? आयला गोष्ट मिळते, आणि मनात थोडं असंही होतं की ऐकून ऐकून तिचं मन शहापूरकडे वळलं तर वळलं. हे मी स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात तो धरणाचा सिनेमा आला. कुठल्या तरी डोंगराळ देशातला, भाषा कळत नव्हती, खाली इंग्रजीत ओळी येत आणि कॉलेजचे समन्वयक सर, मराठी शिकवणारे तरुण प्राध्यापक, मधूनमधून उभे राहून मराठीत सांगत. खाली धरण बांधून झालं आहे, पाणी चढत चाललं आहे, आणि गावातली एक म्हातारी गाव सोडत नाही. रोज सकाळी ती उतारावर जाते आणि पाण्याच्या काठाला एक दगड ठेवते. दुसऱ्या दिवशी दगड पाण्याखाली गेलेला असतो. ती वरच्या अंगाला दुसरा ठेवते. मुलगा टेम्पो घेऊन तीनदा येतो आणि तीनदा रिकामा जातो. चौथ्यांदा येतो तेव्हा पाणी शाळेच्या पायरीला लागलेलं आहे. टेम्पोचं इंजिन चालू आहे. म्हातारी दारात उभी आहे. आणि साडेसहा वाजले.

मी त्या दिवशी दारापर्यंत जाऊन परत वळले होते. पुन्हा बसू का असं झालं. बसले नाही.

रविवारी सकाळी मी हे सगळं आयला सांगितलं. इतकं लक्ष देऊन तिने आधीचं काही ऐकलं नव्हतं. दगडाचं मला दोनदा सांगायला लावलं. केवढा दगड, असं विचारलं. मग मी दारातल्या म्हातारीपर्यंत आले. आयने हातातला वाल सुपात ठेवला.

"मंग? गेली का नाय?"

मी म्हणाले, गेली. मुलाबरोबर गेली, शहरात तिला मोठं घर मिळालं, खिडकीतून झाडं दिसायची, दवाखाना जवळ होता, आणि ती सुखात राहिली.

आयने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुज्या सगल्या पिक्चरमंदी म्हातारी माणसा पोरांच्या घरी जातात आणि सुखात राहतात. पिक्चर काडणारा तुज्या भावाचा दोस्त हाय काय?"

मला हसू आलं. पण ती हसत नव्हती. ती म्हणाली, तुझा बाप मला कधी अर्धा सांगत नव्हता, आणि वर बनवून तर कधीच नाय. मला शाळा नाय म्हणून काय मला कळत नाय? तू मला लहान पोरासारखी घास भरवतेस. असं म्हणून तिने सूप उचललं आणि भिंतीला धरून धरून आत गेली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या आठवड्यात मी दोनदा विषय काढला. तिने ऐकून घेतलं नाही. म्हणाली, आता मला काय नको सांगूस, तू आपली जा आणि ये. ज्या बाईने आयुष्यभर नवऱ्याच्या तोंडून जग ऐकलं, तिने माझ्या तोंडून ऐकायचं बंद केलं होतं. तेव्हा मी ठरवलं. त्या म्हातारीचं काय झालं ते मी बघणार, आणि जे झालं असेल ते जसंच्या तसं आणून आयपुढे ठेवणार.

कुणीतरी म्हणेल, मोबाइलवर शोधायचं. शोधलं. समन्वयक सरांनीही शोधलं. तो सिनेमा कुठे मिळत नव्हता, विद्यापीठाने तो कुठून तरी खास मागवलेला होता. सरांना शेवट विचारला असता तर त्यांनी दोन वाक्यांत सांगितला असता, आणि त्यांनी तोंड उघडलंही होतं. मी हात जोडून थांबवलं. दुसऱ्याकडून ऐकलेलं मी आयला सांगणार नव्हते. मी म्हणाले, सर, पुढच्या कार्यक्रमात हाच पुन्हा लावा, आणि आधी लावा. व्याख्यान नंतर, सत्कार त्याच्याही नंतर.

सर भला माणूस. पण त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, ताई, सिनेमाचं विद्यापीठाला विचारतो, पण सत्काराचं माझ्या हातात नाही. माणसं दुखावतात. ज्याला शाल मिळाली नाही तो वर्षभर कॉलेजच्या नावाने बोलतो.

मग मी मला येतं ते केलं. अर्ज लिहिला. विषय: सिनेमा प्रथम दाखविणेबाबत. संदर्भ: निमंत्रण पत्रिका. त्यात मी लिहिलं की मी नियमित श्रोती आहे, की आत जाणाऱ्या गावांची संध्याकाळची गाडी पावणेसातला सुटते, की 'सर्वांसाठी खुले' असं जे छापलं आहे त्यात गावात राहणारेही येतात, आणि कार्यक्रमाचा पहिला तास-सव्वा तास सत्कारात जात असल्याने आम्हाला एकाही सिनेमाचा शेवट पाहता आलेला नाही. खाली सही केली. माझ्याबरोबर बचत गटाच्या सात बाया येऊ लागल्या होत्या, वेगवेगळ्या गावांच्या, त्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कॉलेजच्या ऑफिसात नेऊन दिला. तिथला क्लार्क म्हणाला, ठेवून जा. मी म्हणाले, पोच द्या. तो म्हणाला, पोच कशाला, सिनेमाचा तर अर्ज आहे. मी काउंटरवरून हललेच नाही. चौतीस वर्षं मी लोकांना पोच दिली आहे, पोच नसलेल्या अर्जाचं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत? शेवटी त्याने शिक्का मारला.

आठ दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज आनंदाचा होता. मालिकेचा शेवटचा कार्यक्रम, प्रेक्षकांच्या आग्रहावरून धरणाचा सिनेमा पुन्हा, आणि व्याख्यानाच्या आधी. मी आयला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, शनिवारी जाते. ती म्हणाली, जा.

त्या शनिवारी मी दोन वाजता जाऊन बसले. पहिल्या रांगेत नाही, तिथे शालवाले बसतात, तिसऱ्या रांगेत कडेला, दाराच्या बाजूला. मनात हिशेब होता. सभागृहातून स्टँडला दहा मिनिटं. म्हणजे सहा पस्तीसला सिनेमा संपलाच पाहिजे. सव्वादोन तासांचा सिनेमा, म्हणजे चार वीसला लागलाच पाहिजे. अडीचचा कार्यक्रम, सत्कार नंतर. मला वाटलं, आज वेळच वेळ आहे.

तीनला पाहुणे आले. सव्वातीनला समई. वात पेटेना, पंखा बंद. स्वागतगीत. प्रास्ताविक. मग निवेदन करणाऱ्या बाई म्हणाल्या, आता सत्कार. मी सरांकडे बघितलं. सरांनी माझी नजर चुकवली. पाहुण्यांतल्या एकाला पाचला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून त्यांचा सत्कार आधी, आणि त्यांचा आधी तर मग बाकीच्यांचाही आधीच. एक झाला, दोन झाले, सहा झाले. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली.

आणि तेवढ्यात निवेदनाच्या बाईंनी कागद उलटला आणि म्हणाल्या, आज आपण एका विशेष व्यक्तीचा सत्कार करणार आहोत, ज्यांनी प्रत्येक कार्यक्रमाला उपस्थित राहून, वेळेचं महत्त्व आपल्याला पटवून दिलं. आणि माझं नाव घेतलं.

खरं सांगते, मला क्षणभर काही कळलंच नाही. शेजारची बाई मला कोपराने ढोसत होती, जा, जा. सगळे मागे वळून बघत टाळ्या वाजवत होते. सत्कार नको असा अर्ज केला म्हणून ते माझा सत्कार करत होते. आणि प्रेमाने करत होते, हे त्याहून वाईट. मी स्टेजवर गेले. सर हातात शाल घेऊन उभे, चेहऱ्यावर अगदी आनंद, त्यांना वाटलं मी खूश होईन. बाजूला काचेच्या फ्रेममध्ये मानपत्र. ते पान वरपासून खालपर्यंत भरलेलं होतं, बारीक अक्षरात, आणि वाचणारे गृहस्थ चष्मा पुसत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दहा.

कचेरीत माझ्या सेवानिवृत्तीला शाल मिळाली होती. तेव्हा मी रडले होते. मला शाल आवडत नाही असं नाही. पण त्या वेळी मला सुपात वाल ठेवणारा आयचा हात दिसत होता. मी माइकपाशी गेले.

"माझी आई घरी आहे. तिला धड चालता येत नाही. मी तिला प्रत्येक सिनेमाचा शेवट खोटा सांगितला, कारण खरा मला कधी बघायलाच मिळाला नाही. आज तिला खरा न्यायचा आहे. माझा सत्कार करायचाच असेल, तर दिवे घालवा आणि सिनेमा लावा."

चष्मा पुसणाऱ्या गृहस्थांचा हात तसाच राहिला. पाहुण्यांपैकी एकांनी दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं. मला वाटलं, आता गेलं सगळं, आता पुढच्या वर्षी फाटकातूनही आत घेणार नाहीत. मग मागच्या रांगेतून बचत गटाच्या बायांपैकी कुणीतरी टाळी वाजवली, मग सातही जणींनी. आणि माइकवाला, ज्याचाही सत्कार यादीत राहिला होता, उठला आणि त्याने भिंतीवरची बटणं एकेक करून बंद केली. ट्यूबलाइट रांगेने विझल्या. सरांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली. पाचला जायचं असलेले ते पाहुणे उठून गेले, गाडीचं दार आपटल्याचा आवाज आत आला, आणि पडद्यावर डोंगर उगवला. चार सोळा झाले होते.

पुन्हा दगड, पुन्हा पाणी, पुन्हा तीन रिकाम्या फेऱ्या. मग दार, इंजिन, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हातारी टेम्पोत बसली. मागे वळून बघितलंही नाही. मला वाटलं, संपलं, म्हणजे मी सांगितलं होतं तेच खरं निघालं. मला बरंसुद्धा वाटलं.

पण सिनेमा संपला नव्हता. पुढे वीस मिनिटं ती शहरात होती. पलंगाच्या अगदी कडेला बसायची. लिफ्टमध्ये शिरताना उंबरा ओलांडल्यासारखा पाय उचलायची. मुलगा वाईट नव्हता, सून वाईट नव्हती. आणि शेवटी एका सकाळी ती स्वयंपाकघरात जाते, भांडं ठेवते आणि नळ सोडते. पाण्याखाली हात धरते. हात तसाच धरून ठेवते. भांडं भरतं, वाहतं. बाहेरून मुलगा म्हणतो, आई, नळ बंद कर. ती करत नाही. पडदा काळा होतो आणि पाण्याचा आवाज येत राहतो.

सभागृहात कुणी उठलं नाही. आमच्या भागातल्या माणसाला तो नळ समजावून सांगावा लागत नाही. शहापूरची धरणं मुंबईला पाणी पाजतात आणि धरणाच्या काठच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. माझ्या बाजूची बाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. साडेसहा वाजून एक मिनिट झालं होतं. मी उठले, सरांना हात जोडले आणि पळाले.

कंडक्टरने दारातच विचारलं, काय मावशी, आज? मी म्हणाले, आज पुरता बघितला. त्याने आणखी काही विचारलं नाही, मला खिडकीची जागा दिली.

गाडीत माझ्या मनात पाप आलं, हेही लिहिते. 'गेली' एवढंच सांगितलं तर? ते खोटंही होणार नव्हतं. म्हातारी गेली, मुलगा चांगला होता, सून चांगली होती. शहापूरचा फ्लॅट, लिफ्ट, दवाखाना. आयचे गुडघे. टोकावडे येईपर्यंत मी या विचाराशी झगडत होते. मग म्हटलं, हे केलंस तर बापाने तुला ओट्यावरून उठवलं असतं.

रविवारी सकाळी मी आयसमोर जाऊन बसले. ती म्हणाली, नको म्हणून सांगितला ना. मी म्हणाले, आय, ते सगळे शेवट मी बनवले होते. एकही खरा नव्हता. काल मी त्या म्हातारीचा खरा बघून आले. ऐकायचा असला तर सांगते, नसला तर नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पाय पसरून, पाठ भिंतीला लावून बसली. मी सुरुवातीपासून सांगितलं. टेम्पो सांगितला, पलंगाची कड सांगितली, लिफ्टमधला पाय सांगितला. नळ सांगितला. काही गाळलं नाही, काही घातलं नाही.

"नळ बंद केला का नाय तिने?" आयने विचारलं.

मी म्हणाले, नाही. चालूच होता.

तिने मान हलवली. घाटाकडे बघितलं. मग म्हणाली, हा खरा हाय.

दुपारी मी भावाला फोन केला. म्हणाले, आयला यायचं असेल तेव्हा ती स्वतः सांगेल, आता आपण विचारायचं नाही, आणि तिला भेटायचं असेल तर तूच ये. तो थोडा चिडला, मग पुढच्या रविवारी आला. सरांचाही फोन आला, मानपत्र नेऊन देतो म्हणाले. मी म्हणाले, या, चहाला या. पण त्यांना बोलणी खावी लागली हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं. तरी मी केलं ते पुन्हा करीन.

सोमवारी सकाळी मी अंगण झाडत होते. वस्तीतल्या चार-पाच बाया पाण्याला जाता जाता आमच्या ओट्याशी थांबल्या होत्या आणि आय त्यांना तो सिनेमा सांगत होती. दगड केवढा होता ते हाताने दाखवत होती. टेम्पोपाशी थांबली तेव्हा एकीने हंडा खाली ठेवला. मग तिने नळ सांगितला, हात पाण्याखाली धरल्यासारखा पुढे धरला, आणि तसाच ठेवला. एकीने विचारलं, मंग पुढं काय झाला?

"पुढं काय नाय," आय म्हणाली. "एवढाच हाय. माजी पोर शेवटपर्यंत बसलेली."